चावी कुणाकडे आहे

लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या फ्लॅटवर मालक म्हणून आम्हा दोघांची नावं आहेत. कर्ज आमच्या नावावर, भाड्यावरचा कर आमच्या नावावर, लँड रजिस्ट्रीतली नोंदही आमच्याच नावावर. इमारतीच्या विम्याची पॉलिसी मात्र आमच्या नावावर नाही आणि कधी होणारही नाही. सांगलीत बसून त्या घराची काळजी करताना मला सगळ्यात आधी आठवतो तो हाच कागद, जो आमच्या घराबद्दल आहे पण आमचा नाही.

इंग्लंडात फ्लॅट घेणं म्हणजे बहुतेक वेळा लीज, म्हणजे ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा घेणं. कुणाची ९९ वर्षांची, कुणाची १२५, नशीब चांगलं असेल तर ९९९. जमीन आणि इमारतीचा सांगाडा फ्रीहोल्डरचा, म्हणजे मूळ मालकाचा. छत, भिंती, जिना, पाइप यांचा विमा त्याने उतरवायचा, कुठल्या कंपनीकडे आणि कुठल्या ब्रोकरमार्फत ते त्यानेच ठरवायचं आणि पैसे आम्ही सर्व्हिस चार्जमधून भरायचे. त्या रकमेवर बारा टक्के विमा कर, तोही आमच्याकडूनच. आतल्या सामानाचा आणि भाडं बुडण्याचा विमा काढायचं स्वातंत्र्य आम्हाला आहे, तो आम्ही काढतो. पण सामान जळालं तर पुन्हा घेता येतं. ज्याच्यावर आयुष्याची कमाई लागली आहे ते घर उभं राहणार की नाही, हे दुसऱ्याच्या पॉलिसीवर ठरतं.

तिथं राहत होतो तेव्हा याचं काही वाटायचं नाही. जिन्यातल्या फळ्यावर विम्याचं प्रमाणपत्र लावलेलं असायचं, त्याच्या शेजारी कुणाची तरी सायकल विकायला असल्याची चिठ्ठी, आणि आम्ही दोन्हींकडे सारखंच बघून पुढं जायचो.

मग २०१७ च्या जूनमधली ती १४ तारीख आली. नॉर्थ केन्सिंग्टनमधला ग्रेनफेल टॉवर, चोवीस मजले. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग लागली. अशी आग तिथल्या तिथं विझायला हवी होती. पण वर्षभरापूर्वीच पुरं झालेल्या नूतनीकरणात इमारतीला बाहेरून जे आवरण चढवलं होतं, त्याच्या अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये पॉलिथिलीन होतं. आग खिडकीतून त्या आवरणात शिरली आणि काही मिनिटांत वरच्या टोकाला पोहोचली. ७२ माणसं गेली. पुढं हॅमरस्मिथ अँड सिटी लाइनच्या गाडीतून जाताना लॅटिमर रोडच्या आसपास तो काळा सांगाडा दिसायचा. डब्यातली बोलणी त्या एका वळणापुरती थांबायची. फोनवर असलेली माणसंसुद्धा गप्प व्हायची.

त्यानंतर देशभरातल्या फ्लॅटमालकांना आपल्या इमारतीच्या भिंतीत काय भरलंय याची चौकशी करावी लागली. बँका बाहेरच्या भिंतीच्या तपासणीचा दाखला मागू लागल्या. दाखला नसेल तर कर्ज नाही, कर्ज नाही तर गिऱ्हाईक नाही. काही इमारतींत आगीवर नजर ठेवायला रात्रभर पहारेकरी नेमले गेले, त्यांचा पगारही रहिवाशांच्याच खिशातून. आणि विमा कंपन्यांनी दर वाढवले. तिथल्या वित्तीय नियामकाने, म्हणजे फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीने, २०२२ च्या सप्टेंबरात आपला अहवाल दिला. बहुमजली निवासी इमारतींचे विम्याचे दर २०१६ ते २०२१ या काळात सरासरी १२५ टक्क्यांनी वाढले होते. ज्वालाग्राही आवरण असलेल्या इमारतींमध्ये ही वाढ १८७ टक्के होती. जोखीम वाढली म्हणून दर वाढले, हे मी समजू शकते. पण त्याच अहवालात ब्रोकरांच्या कमिशनचाही हिशोब होता. प्रीमियमचा मोठा हिस्सा कमिशनमध्ये जात होता आणि त्यातला वाटा मॅनेजिंग एजंट, म्हणजे फ्रीहोल्डरच्या वतीने इमारत सांभाळणारा, किंवा खुद्द फ्रीहोल्डरपर्यंत पोहोचत होता. ज्याने आपल्यासाठी स्वस्त आणि चांगली पॉलिसी शोधायची, त्यालाच पॉलिसी महाग असण्यात फायदा. याचा मला आजही संताप येतो. घाबरलेल्या माणसांच्या भीतीवर कुणी टक्केवारी घ्यावी, हे मला कुठल्याही देशात पटणार नाही.

नियम नंतर सुधारले. ३१ डिसेंबर २०२३ पासून विमा कंपनीने आणि ब्रोकरने लीजधारकाचं हितही पाहायचं, कमिशन किती ते त्याला कळेल अशी व्यवस्था करायची. २०२४ च्या मे महिन्यात लीजहोल्ड सुधारणेचा कायदाही झाला, विम्यावरची कमिशनं बंद करून त्याजागी उघड दिसणारी ठरावीक फी आणायची तरतूद त्यात आहे. कलमं टप्प्याटप्प्याने लागू करायची अशी त्याची रचना आहे. पण एक हक्क त्याआधीपासून, १९८५ च्या कायद्याने, लीजधारकाला आहे आणि तो फार कमी लोक वापरतात. इमारतीच्या विम्याचा तपशील लेखी मागायचा. किती रकमेचा आहे, कुणाकडे आहे, कशाकशापासून संरक्षण आहे. फ्रीहोल्डरने २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मी दरवर्षी पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या आधी हा ईमेल पाठवते. सुरुवातीला उत्तर म्हणून नुसतं एक पानी प्रमाणपत्र यायचं. आता सगळी पॉलिसी येते, कारण मी नेटाने पुन्हा पुन्हा मागितली.

ती पॉलिसी मी ओळ न् ओळ वाचली आहे. आधी येते धोक्यांची यादी: आग, वीज, स्फोट, भूकंप, दंगल, विमान आणि विमानातून पडलेल्या वस्तू, वादळ, पूर, जमीन खचणं. दहशतवादाची ओळ निराळी, तिचा प्रीमियमही निराळा. जमीन खचण्यासाठी एक्सेस, म्हणजे क्लेममधला आपण सोसायचा भाग, हजार पौंड. लंडनखालची माती चिकणमाती, कोरड्या उन्हाळ्यात आकसते आणि पाया घेऊन खाली बसते. हे मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्या बघतच मी लहानाची मोठी झाले.

मग येते रक्कम. इथं बहुतेकांची गल्लत होते, कारण आपल्या डोक्यात घराची किंमत म्हणजे बाजारभाव असतो. विमा काढायचा तो इमारत पाडून, राडारोडा उचलून, आजच्या मजुरीने पुन्हा बांधायच्या खर्चाचा. तो आकडा सर्व्हेअरकडून दर तीनेक वर्षांनी तपासून घ्यायचा असतो. का, ते एका हिशोबात कळतं. समजा, इमारत पुन्हा बांधायला ४० लाख पौंड लागतील आणि विमा ३० लाखांचाच आहे. कुणाच्या तरी घरात आग लागून एक लाखाचं नुकसान झालं. आपल्याला वाटतं, लाख काय, तीस लाखांपर्यंत संरक्षण आहे. तसं होत नाही. विमा तीन चतुर्थांश रकमेचा, म्हणून भरपाईही तीन चतुर्थांश, ७५ हजार. उरलेले पंचवीस हजार सगळ्या फ्लॅटमालकांच्या अंगावर. मी ज्या वर्षी हे वाचलं त्या वर्षी आमच्या इमारतीचं शेवटचं मूल्यांकन कधी झालं होतं ते विचारलं. उत्तर यायला बराच वेळ लागला. त्यानंतर मूल्यांकन झालं आणि विम्याची रक्कम वाढली. प्रीमियमही वाढला. एक-दोन शेजाऱ्यांनी माझ्यावर नाराजी दाखवली, ती मी ऐकून घेतली.

या सगळ्या यादीतलं माझी झोप उडवणारं कलम मात्र अगदी साधं आहे. घर सलग तीस दिवस रिकामं राहिलं तर पाण्याच्या गळतीचं, चोरीचं, तोडफोडीचं संरक्षण थांबतं. काही पॉलिस्यांत पंचेचाळीस, काहींत साठ दिवस असतात, आमच्या सामानाच्या पॉलिसीत तीस. त्याहून जास्त दिवस रिकामं राहणार असेल तर कंपनीला आधी कळवायचं, आणि मग अटी येतात. दर आठवड्याला कुणीतरी आत जाऊन पाहणी करायची आणि तारीखवार लिहून ठेवायचं. थंडीच्या महिन्यांत हीटिंग किमान पंधरा अंशांवर चालू ठेवायचं, नाहीतर मुख्य कॉक बंद करून पाइपातलं सगळं पाणी काढून टाकायचं. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि तांब्याचा पाइप फाडतं. फाटलेला पाइप बर्फ असेपर्यंत गप्प असतो. ऊन पडलं, बर्फ वितळला, की छतातून धार लागते. ब्रिटनमध्ये घरविम्याचे क्लेम सर्वांत जास्त ज्या कारणांनी होतात त्यात आगीपेक्षा या पाण्याचा नंबर वर आहे.

आता हे सांगलीतून करायचं म्हणजे काय करायचं? एक भाडेकरू गेला, दुसरा यायला महिना-दीड महिना लागला, आणि तो महिना जानेवारीचा असला, की मी रोज सकाळी उठल्यावर आधी हॅरोचं तापमान बघते. नवऱ्याला हे फार होतंय असं वाटतं. त्याचं म्हणणं, विमा काढलाय कशासाठी मग? मी त्याला अटींचं पान दाखवते. विम्याचे पैसे भरून काम संपत नाही. त्या घरात कुणीतरी जातंय, नळ बघतंय, भिंतीला हात लावतंय, हे कंपनीने गृहीत धरलेलं असतं. लांब राहणाऱ्या माणसाकडे नेमकं तेच नसतं. क्लेमच्या अर्जावर एक प्रश्न असतो: घराची चावी कुणाकडे आहे? तिथं नाव लिहायला माणूस लागतो.

आमच्याकडे ते नाव होतं खालच्या मजल्यावरच्या मासींचं. गुजराती. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं तेव्हा लहान मुलं घेऊन लंडनला आलेल्या. हॅरो-वेम्बलीच्या भागात अशी कितीतरी घरं आहेत. कंपालामधलं राहतं घर, दुकान, सगळं कुलूप लावून सोडून आलेल्या बाईच्या हातात आमच्या घराची चावी होती आणि त्यांनी ती देव्हाऱ्याच्या खणात ठेवली होती. आम्ही परत आलो त्यानंतर एका मार्चमध्ये त्यांचा फोन आला. तिकडं सकाळ, इकडं दुपार. "बेटा, मारा किचनमां उपरथी पाणी टपके छे." आवाजात तक्रार नव्हती, घाई होती. वर जाऊन मुख्य कॉक त्यांनी आधीच बंद करवून घेतला होता आणि मग फोन केला होता. वय सत्तरीच्या पुढं. भाडेकरू कामावर गेलेला.

पुढचे काही आठवडे मी विम्याचं जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नाही. पहिला माणूस आला त्याने शॉवरच्या ट्रेच्या कडेला बोट फिरवलं आणि सांगितलं, सिलिकॉन सुटलंय, पाणी इथून झिरपतंय. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण सिलिकॉन किंवा टाइलमधली भर सुटून झिरपलेलं पाणी बहुतेक पॉलिस्यांत बसत नाही. ती झाली झीज, देखभालीची बाब. पाइप फुटला किंवा जोड सुटला तर ती दुर्घटना, तिला भरपाई. म्हणजे मासींच्या छतावर तोच ओला डाग, तेच पिवळं वर्तुळ, आणि पैसे मिळणार की नाही हे ठरणार पाणी कुठल्या फटीतून आलं त्यावर. भाडेकरूने सिलिकॉनबद्दल भाड्याचं काम बघणाऱ्या एजंटला आधी कळवलं होतं असं नंतर कळलं. एजंटकडून ते आमच्यापर्यंत आलंच नाही.

पॉलिसीत गळती शोधायला भिंत किंवा छत फोडायचा खर्च धरलेला होता. ते कलम मला पाठ होतं, म्हणून मी आग्रह धरला की वरवर बघून निर्णय नको, आत बघा. मासींच्या छताला चौकोनी भोक पाडलं. प्लंबरने आत मोबाइल घालून व्हिडिओ काढला आणि आम्हाला पाठवला. ट्रेखालच्या पाइपाचा एक पितळी जोड, त्याच्यावर हिरवट चुन्याचा थर आणि नटाच्या कडेला भरत जाणारा एक थेंब. तो भरायचा, लोंबायचा, पडायचा, मग दुसरा. वर सिलिकॉनही सुटलेलं होतं, ते खरंच. पण छत भिजलं ते या जोडाने. क्लेम मान्य झाला. हजार पौंड एक्सेस आमच्याकडून. सिलिकॉन आणि ट्रे आमच्या खर्चाने. मासींच्या घरात ओल शोषणारं यंत्र घरघरत राहिलं, रात्रंदिवस. त्या आवाजात त्यांनी आरत्या म्हटल्या, पण एका शब्दाने तक्रार केली नाही.

त्यांचा देव्हारा भिजला होता. लाकूड फुगून दार बसेना. इमारतीच्या विम्यात सामान येत नाही आणि मासींनी स्वतःचा सामानाचा विमा कधी काढलेला नव्हता. आपल्याकडे पटकन म्हणतात, वरच्याने भरून द्यावं. इंग्लंडचा कायदा तसा सरळ नाही, वरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. कायद्याचा विचार आम्ही केला नाही, पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. पुढच्या खेपेला येताना सांगलीची हळद आणि बेदाणे आण, एवढंच म्हणाल्या. आम्ही नवा देव्हारा पाठवला तो मात्र त्यांनी ठेवून घेतला.

या निमित्ताने मला त्या शहराबद्दल एक गोष्ट कळली, जी तिथं इतकी वर्षं राहून माहीत नव्हती. घरांचा आगीचा विमा ही कल्पना लंडनमध्ये नीट रुजली ती एका मोठ्या आगीनंतर. १६६६ च्या सप्टेंबरात पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतून आग निघाली आणि चार-पाच दिवसांत तेरा हजारांवर घरं जळाली. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांत निकोलस बार्बन याने घरांचा विमा सुरू केला. विमा असलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर कंपनीच्या चिन्हाचा धातूचा बिल्ला ठोकायचे. जुन्या लंडनमध्ये फिरताना काही घरांवर तो अजून दिसतो. आणि १७७४ चा आगीसंबंधीचा एक कायदा आहे, त्याचं ८३ वं कलम आजही लागू आहे. घर जळालं आणि त्या घरात ज्याचा हितसंबंध आहे अशा माणसाने मागणी केली, तर विमा कंपनीने पैसे नुसते मालकाच्या हातात न देता ते घर पुन्हा उभं करायला लावायचे. म्हणजे पॉलिसीवर नाव नसलेल्या माझ्यासारखीलाही बोलायला जागा आहे. अडीचशे वर्षांपूर्वी कुणीतरी हा विचार करून ठेवला, याचा मला मनापासून आधार वाटतो.

परदेशात घर घेतलेल्या आमच्या ओळखीतल्या प्रत्येकाची काळजी त्या त्या देशाची असते. माझा मावसभाऊ फ्लोरिडात आहे, त्याचा काँडो, म्हणजे मालकीचा फ्लॅट, समुद्रापासून लांब नाही. तिथं सगळ्या इमारतीची एक मास्टर पॉलिसी आणि भिंतींच्या आतली प्रत्येकाची वेगळी. चक्रीवादळाचा एक्सेस ठरावीक रकमेत नसतो, विम्याच्या टक्क्यांत असतो, आणि तो सगळ्या मालकांत वाटला जातो. २४ जून २०२१ च्या पहाटे सर्फसाइडमधली चाळीस वर्षांची बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसं गेली. पुढच्या वर्षी तिथं जुन्या इमारतींच्या सक्तीच्या तपासणीचा कायदा झाला. तपासणी झाली की दुरुस्ती निघते, दुरुस्तीचा खर्च वर्गणी होऊन येतो. भाऊ म्हणतो, ताई, विम्याचं पाकीट आलं की मी ते बायको घरात असताना उघडत नाही. त्याची काळजी मला फोनवरही ऐकू येते.

आम्ही परत का आलो, ते इथं सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा आम्ही हॅरोत होतो. आई-आप्पा गावभागातल्या जुन्या घरात, वरच्या मजल्यावर. फोनची बॅटरी वाचवायची म्हणून आप्पा दिवसातून एकदाच बोलायचे. आयर्विन पुलाजवळची पातळी इतके फूट, एवढंच सांगायचे आणि ठेवायचे. आम्ही तिकडं विमा असलेल्या, कोरड्या, गरम घरात बसून टीव्हीवर मारुती चौकात होड्या बघत होतो. पाणी उतरल्यावर पंचनामे झाले, सानुग्रह अनुदान आलं. खालच्या मजल्यावरची चिखलाची रेघ, भिजलेली धान्याची पोती, आईच्या लग्नातलं कपाट, यांचा हिशोब त्या अनुदानात मावणारा नव्हता. विमा गल्लीत कुणाचाच नव्हता. त्यानंतरच आम्ही परत यायचं ठरवलं. परकीय चलनाच्या फेमा कायद्याप्रमाणे परदेशात राहत असताना घेतलेलं घर परतल्यावरही ठेवता येतं, आयकराच्या विवरणपत्रात ते दाखवत गेलं की झालं. म्हणून ते ठेवलं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा निदान आम्ही आप्पांजवळ होतो.

ब्रिटनमध्ये २०१६ पासून फ्लड री नावाची योजना आहे. पुराच्या पट्ट्यातल्या घरांचा विमा परवडावा म्हणून पुराच्या जोखमीचा भाग विमा कंपन्या एका सामाईक निधीकडे सोपवतात आणि त्याचा भार देशातल्या सगळ्या घरविम्यांवर थोडा थोडा पडतो. ती २०३९ पर्यंत चालायची आहे. मोठ्या फ्लॅटच्या इमारतींना आणि २००९ नंतर बांधलेल्या घरांना ती लागू नाही, पूरपट्ट्यात नवी बांधकामं होऊ नयेत हा त्यामागचा विचार. आमच्या फ्लॅटला तिचा उपयोग नाही. पण हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर हॅरो नव्हतंच, गावभाग होता. आपल्याकडे पूररेषेवर इतकी वर्षं वाद चालतो, निळी रेषा, लाल रेषा. ज्याचं घर आधीपासून तिथं आहे त्याच्या विम्याचा विचार त्या वादात मला कधी ऐकू आला नाही.

घराचा विमा आपल्याकडे मिळतो, तोही फार महाग नाही. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांना द्यायला लावली आहे. आग, भूकंप, वादळ, पूर सगळं त्यात येतं. आणि घराच्या विम्याची रक्कम कमी पडली तर भरपाई त्या प्रमाणात कापायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. लंडनमध्ये ज्या तीन चतुर्थांशाच्या हिशोबाने मी घाबरले होते तो इथं लागू नाही. मी आप्पांच्या घरासाठी ती घेतली. आप्पांचा पहिला प्रश्न, "अगं, पाणी आल्यावर ती माणसं येणार आहेत का?" मी म्हटलं, "आप्पा, पाणी उतरल्यावर येतील. तोवर तुम्ही कागद वर ठेवायचे आणि फोटो काढून ठेवायचे." मग एक अख्खी दुपार आम्ही दोघं घरातल्या वस्तूंची यादी करत बसलो. पिठाची गिरणी, शिवणयंत्र, दोन लोखंडी कपाटं, पितळेचा बंब. प्रत्येकीचा फोटो. बंब त्यांना यादीत नको होता, त्याला कोण भरपाई देणार म्हणे. मी तो घातला.

मासी आता लेस्टरला मुलाकडे राहायला गेल्या. चावी त्यांनी कुरियरने पाठवली नाही, हॅरो सोडायच्या दिवशी जवळच्याच पिनरमधल्या आमच्या एका मैत्रिणीच्या हातात स्वतः दिली. मैत्रीण नोकरी करते, दर आठवड्याला जाणं तिला जमणार नाही, आणि मी तिला ते सांगणारही नाही. म्हणून घर रिकामं असेल त्या काळात पाहणी करून तारखेसह फोटो पाठवणारा एक माणूस पैसे देऊन ठरवला आहे. त्याच्या यादीत मी दोन ओळी माझ्या घातल्या: शॉवरच्या कडेला बोट फिरवून बघायचं, आणि खालच्या घरात विचारायचं. खालचं कुटुंब नवीन आहे, त्यांनी अजून सामानाचा विमा काढलेला नाही असं त्यांच्याशी बोलताना कळलं. त्यांना कसा काढायचा ते सगळं लिहून पाठवलंय.

इकडं विश्रामबागेत आम्ही राहतो ती सोसायटी उंचावर आहे, पाणी इथवर येत नाही, म्हणून सगळे निश्चिंत. पण गॅसचे सिलिंडर, जुनी वायरिंग, गणपतीतली रोषणाई घरोघरी आहेच. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवणं सोसायटीवर बंधनकारक आहे. आमच्या सोसायटीने तो कधी उतरवल्याची नोंद मला दप्तरात सापडली नाही. सप्टेंबरअखेरच्या आत वार्षिक सभा व्हायची आहे. त्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा असं लेखी पत्र मी सेक्रेटरींना दिलं आहे, सोबत तीन कंपन्यांचे दर आणि प्रत्येक घराच्या वाट्याला महिन्याला किती पडतील त्याचा तक्ता जोडून. चौथ्या मजल्यावरच्या काकांनी लगेच विचारलं, एवढी घाई कशाला? त्यांच्याकडे आज संध्याकाळी पॉलिसीचा नमुना घेऊन जाणार आहे.